धुराचा दाखला खरा हवा

जुनी मोटारगाडी बाळगणे हा गुन्हा नव्हे. परंतु तिच्या धुराचा भार रस्त्यावरून चालणाऱ्याच्या छातीवर टाकण्याचा अधिकारही कोणास नाही. या दोन गोष्टींचा मेळ घालण्यासाठीच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११५ व्या नियमाने धुराची चाचणी सांगितली आहे. नोंदणीला एक वर्ष लोटले की प्रत्येक गाडीजवळ प्रदूषण नियंत्रणाचा दाखला, म्हणजे लोकांच्या तोंडची 'पीयूसी', असलीच पाहिजे. बीएस-४ व त्यापुढील गाड्यांना हा दाखला वर्षभर पुरतो. त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी तो नव्याने घ्यावा लागतो. नियम चांगला आहे. दुर्दैवाने त्याचा आत्मा हरवला असून कागद तेवढा उरला आहे, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

मारुतीची ओम्नी व्हॅन हे उदाहरण घेऊ. ही गाडी १९८४ साली रस्त्यावर आली व २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. मागच्या बाजूस गादी अंथरून, स्टोव्ह व पाण्याचा डबा बरोबर घेऊन कोकणात मुक्कामी जाणारी कितीतरी कुटुंबे या गाडीवर आजही जीव लावून आहेत. अशा जुन्या, कार्बुरेटरच्या गाडीकडून कायदा अशक्य ते मागत नाही. बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के व हायड्रोकार्बन दशलक्षांत १,५०० भागांपर्यंत चालतो. बीएस-२ व बीएस-३ च्या गाड्यांना हीच मर्यादा ०.५ टक्के व ७५० भाग, तर बीएस-४ च्या गाड्यांना ०.३ टक्के व २०० भाग इतकी आहे. गाडी ज्या काळी घडली त्या काळाच्या मापानेच तिला मोजावे, हा न्याय त्यात आहे.

आणि हे माप गाठणे कठीणही नाही. कार्बन मोनॉक्साइड वाढतो तो बहुधा इंजिनाला पेट्रोल अधिक व हवा कमी मिळाल्यामुळे. हवेची जाळी तुंबलेली असते किंवा कार्बुरेटरची जुळणी बिघडलेली असते. हायड्रोकार्बन वाढतो तो पेट्रोल न जळताच बाहेर पडल्यामुळे. स्पार्क प्लग झिजलेला असतो, नाहीतर पिस्टनच्या रिंगा सैल होऊन तेल जळत असते. थंड इंजिनाची चाचणी घेतली तर चांगली गाडीही नापास होऊ शकते. म्हणून इंजिन पुरते तापू देऊन मगच गाडी केंद्रावर न्यावी. जाणता मेकॅनिक ही बहुतेक कामे थोड्या वेळात व बेताच्या खर्चात करून देतो. नापास होणे हा गाडीला दिलेला मृत्युदंड नव्हे. तिच्या आजाराचे ते निदान आहे.

मग अडते कोठे? यंत्राची नळी धूरनळीत नीट न घालता, कधी तर गाडी समोर नसतानाही दाखला हाती पडतो, हे शहरात राहणाऱ्यास नव्याने सांगायला नको. दाखल्यावर आता गाडीच्या पाटीचे छायाचित्र येते. परंतु नळी किती आत गेली होती, हे त्या छायाचित्रावरून कळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या अपराधाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण दंड वाढला आणि तपासणी ढिलीच राहिली, तर खोट्या कागदाची किंमत तेवढी वाढते. फसवणूक केवळ गल्लीतल्या केंद्रावरच होते असेही नव्हे. चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर शुद्ध करणारी प्रणाली फोक्सवॅगनसारख्या बलाढ्य कंपनीने गाड्यांत बसविल्याचे २०१५ साली अमेरिकेत उघडकीस आले होते.

या खोटेपणाची खरी किंमत जुन्या गाडीचा मालकच मोजणार आहे, हे त्याच्या ध्यानी आलेले दिसत नाही. ज्या मापावर कोणाचा विश्वास उरत नाही, ते माप टाकून शासन सोपे माप हाती घेते. आणि गाडीचे वय हे सर्वांत सोपे माप होय. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना झालेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केली. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयावरून होणाऱ्या कारवाईपासून संरक्षण दिले, तेही बीएस-४ व त्यापुढील गाड्यांनाच. त्याआधीच्या गाड्या, मग त्या कितीही निगुतीने राखलेल्या असोत, त्या संरक्षणाबाहेर राहिल्या. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल व डिझेलच्या गाड्या बंद करणे शक्य आहे काय, हे पाहण्यासाठी महाराष्ट्र शासनानेही जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे यावरून उमजावे.

आमच्या मते, वयापेक्षा माप अधिक न्याय्य आहे. पाच वर्षांची हेळसांड झालेली गाडी वीस वर्षांच्या जपलेल्या गाडीहून अधिक धूर ओकू शकते. मात्र हा युक्तिवाद करण्याचा अधिकार माप खरे असेल तरच टिकतो. आजची चाचणीही अपुरी आहे, कारण नायट्रोजनची ऑक्साइडे व अतिसूक्ष्म कण ती मोजतच नाही. तेव्हा शासनाने केंद्रांवरील यंत्रांची वेळोवेळी अचानक पडताळणी करावी, खोटा दाखला देणाऱ्याचा परवाना काढून घ्यावा, आणि नापास गाडीला दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्यावी. नागरिकांनीही काही रुपये व अर्धा तास वाचविण्यासाठी कागद विकत घेण्याचे सोडावे. खोटा दाखला हवा शुद्ध करीत नाही. तो उद्याच्या बंदीला मात्र आधार पुरवितो. आपली जुनी गाडी ज्यांना खरोखर प्रिय आहे, त्यांनी तिची चाचणी कडक व्हावी अशी मागणी सर्वांच्या आधी केली पाहिजे.