आठवा भिडू

शनिवारची रात्र. पावणेबारा वाजलेत. तुमच्यापैकी निम्मे जण या वेळी लोअर परळच्या एखाद्या पबमध्ये असतील, उरलेले पांघरुणात लॅपटॉप घेऊन सिरीज बघत असतील. आमचा कॅप्टन मात्र व्हॉट्सॲपवर डोकी मोजतोय.

'उद्या कोण कोण? फक्त हो किंवा नाही. "बघतो" चालणार नाही.'

ग्रुपमध्ये माणसं तेवीस. 'हो' आले सहा. 'बघतो' आले नऊ. बाकीच्यांचे नुसतेच दोन निळे टिक. एकाने लिहिलं, 'उद्या मेगाब्लॉक आहे रे, डोंबिवलीहून कसा येऊ?' कॅप्टनचं उत्तर तीन सेकंदांत: 'ब्लॉक अकराच्या सुमारास लागतो. तू साडेसहाची पकड.'

तर मंडळी, ही आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची क्रिकेट टीम. शाळेचं नाव सांगत नाही, कारण स्कोअर कळल्यावर शाळेची बदनामी होईल. वय वर्षं सत्तावीस ते शेहेचाळीस. एक डेंटिस्ट, एक बँकवाला, दोन आयटीवाले, एक जण मालाडच्या कॉल सेंटरमधून नाइट शिफ्ट संपवून थेट मैदानात येणारा (त्याला थर्डमॅनला उभं करतात, तिथे डुलकी काढली तरी चालतं). आणि मी. मी या टीमची स्कोअरर. दोन वर्षांपूर्वी 'यावर एक झकास फीचर होईल' म्हणून एक मॅच बघायला गेले होते. त्यांचा स्कोअर लिहिणारा आला नव्हता. 'अगं, नाहीतरी तू लिहायचंच काम करतेस ना!' असं म्हणून कॅप्टनने वही माझ्या हातात कोंबली. ती अजून सुटलेली नाही. फीचर राहिलं ते राहिलंच. आज लिहितेय.

आमची स्पर्धा म्हणजे वेगवेगळ्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची आठ टीम्सची छोटीशी लीग. डिसेंबर ते फेब्रुवारी, सात रविवार, तीस ओव्हर्स, सीझन बॉल. हो, सीझन बॉल. टेनिस बॉलवर हिरोगिरी करणाऱ्यांनी एकदा हा बॉल मांडीवर घेऊन बघावा. जानेवारीतला मॅरेथॉनचा रविवार सुट्टीचा, कारण त्या दिवशी आझाद मैदानाच्या आसपासचे रस्ते बंद. नियम दोनच लक्षात ठेवायचे. टॉसनंतर अर्ध्या तासात किमान आठ भिडू मैदानात हवेत, नाहीतर वॉकओव्हर. आणि एका सीझनमध्ये दोन वॉकओव्हर दिले, की पुढच्या वर्षी लीगमधून बाहेर.

खरं तर क्रिकेटच्या कायद्यातला पहिलाच कायदा खेळाडूंबद्दल आहे. टीम अकराची, पण दोन्ही बाजूंचं एकमत असेल तर कमी-जास्त माणसांनीही खेळता येतं. हा कायदा ज्याने लिहिला, त्याने नक्की कधीतरी रविवारी सकाळी टीम जमवली असणार!

सीएसएमटीला उतरून सकाळी आठला आझाद मैदानात शिरा. एकाच मैदानात कितीतरी मॅचेस एका वेळी चाललेल्या दिसतील. आपला कव्हर उभा असतो, त्याच्या पाठीला पाठ लावून दुसऱ्या मॅचचा फाइन लेग. भलताच बॉल आपल्या हातात येतो, आपला बॉल भलत्याच मॅचमध्ये चौकार ठरतो. नवख्या माणसाला वाटतं, हे काय चाललंय! पण कोणाचा बॉल कोणाचा, हे इथल्या पोरांना बरोबर कळतं. याच मैदानाच्या एका टोकाला बॉम्बे जिमखाना. भारतातली पहिली टेस्ट तिथे झाली, १९३३ च्या डिसेंबरात, आणि लाला अमरनाथांनी ११८ काढले. याच मैदानात १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि कांबळी या दोन शाळकरी पोरांनी ६६४ ची पार्टनरशिप केली. आमची या मैदानावरची सगळ्यात मोठी पार्टनरशिप ५२ ची. त्यात तेरा वाइड.

मुंबईला या हौशी क्रिकेटचं वेड जुनंच. भर पावसाळ्यात, गुडघाभर गवतात आणि चिखल झालेल्या पिचवर खेळायची कांगा लीग १९४८ ला सुरू झाली. डॉ. होरमसजी कांगांच्या नावाची. गवतात बॉल अडतो म्हणून उचलून मारायचा, आणि बॉल कधी उसळेल, कधी खाली बसेल याचा नेम नाही म्हणून शेवटपर्यंत बघून खेळायचा. टेस्ट खेळलेले लोकही तिथे चिखलात लोळले. मग टाइम्स शील्ड, म्हणजे ऑफिसेसची स्पर्धा. एकेकाळी कंपन्या चांगल्या क्रिकेटरला बोलावून नोकरी द्यायच्या. सुनील गावसकर निरलॉनमध्ये होते. विचार करा, बॅट चालते म्हणून ऑफर लेटर! आता आपल्याकडे बॅट सोडा, स्वतःचा केआरए चालला तरी नवस फेडावा लागतो.

आणि वयाचं म्हणाल, तर सी. के. नायडू वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी फर्स्ट क्लास मॅच खेळले. पद्माकर शिवलकरांनी ५८९ फर्स्ट क्लास विकेट्स काढल्या, एकही टेस्ट त्यांच्या नशिबात आली नाही, तरी सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना मुंबईसाठी पुन्हा बोलावलं गेलं आणि ते आले. आमचा कॅप्टन ही दोन नावं दर शनिवारी ग्रुपवर टाकतो. खाली एक अंगठा येतो. त्याचा स्वतःचाच.

आता सीझन. पहिल्या मॅचला आम्ही ७१ ऑल आउट. आमचा कीपर, जो आमचा त्यातल्या त्यात बरा बॅट्समन, त्याने पहिल्याच बॉलला भोपळा फोडला. दुसरी जिंकलो, कारण समोरच्यांचे तीन जण आदल्या रात्री लग्नाला गेले होते. तिसरी हरलो. चौथी मात्र खरीखुरी जिंकलो. कीपरने ३८ काढले, दोन स्टंपिंग केली. मॅच संपल्यावर वडापाव, कटिंग, आणि प्रत्येक बॉलचं पोस्टमार्टम. डेंटिस्ट म्हणाला, 'आता सेमीफायनल!' आमच्या लीगमध्ये सेमीफायनल नसते, पण उत्साह बघा.

पाचव्या मॅचला कीपर आला नाही. गुडघा दुखतोय म्हणाला. ग्लोव्हज एका आयटीवाल्याला दिले. स्कोअरबुकात बाय हा एक छोटासा रकाना असतो. बॅटला न लागता, कीपरच्या हातून निसटून मागे गेलेले रन. त्या दिवशी मला त्या रकान्यात जागा पुरेना. एकतीस बाय. हरलो बावीस रनांनी. गणित तुम्हीच करा.

सहावी मॅच सव्वीस जानेवारीला जोडून आलेल्या लाँग वीकेण्डला. अर्धी टीम अलिबाग, पाव टीम महाबळेश्वर. मैदानात आम्ही सहा. मी धरून सात. अंपायरने घड्याळ बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि मान हलवली. वॉकओव्हर. स्कोअरबुकचं पान कोरं. अख्खं पान कोरं ठेवताना किती वाईट वाटतं, ते स्कोअरर झाल्याशिवाय कळणार नाही. कॅप्टनने किट बॅग खांद्यावर टाकली आणि म्हणाला, 'पुढच्या रविवारी परत असं झालं ना, तर ही बॅग मी माळ्यावर टाकणार. बास झालं. मीच एकटा किती ओढू?' गेली अकरा वर्षं ती बॅग त्याच्या वन बीएचकेच्या पॅसेजमध्ये उभी आहे. त्याची बायको तिला सवत म्हणते.

त्या रात्री मी घरी वही चाळत बसले. दोन वर्षांत एकही मॅच न चुकवणारं एकच नाव होतं. कीपरचं. आणि आता सलग दोन रविवार नाही. तो माझ्याच बॅचचा. सोमवारी फोन लावला.

'काय रे, गुडघा कसा आहे?'

'आहे... जरा सूज आहे.'

'कुठला?'

'डावा.'

'ग्रुपवर तर उजवा लिहिलं होतंस.'

पलीकडे शांतता. मग हसला. मग सांगितलं. ऑक्टोबरमध्ये नोकरी गेली होती. रीस्ट्रक्चरिंग. व्हिडिओ कॉल, बारा मिनिटं, त्यातली चार मिनिटं समोरच्याचा माइक म्यूट. घरी बायकोला माहीत. आईबाबांना नाही. तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि एका लायब्ररीत बसून अर्ज भरायचा.

'मग चार मॅचेस आलास की!'

'आलो ना. तेवढाच वेळ डोक्यात काही नसायचं. पण मॅच संपली, की चहा. आणि चहा आला, की प्रत्येक जण विचारतो, "काय, कंपनी काय म्हणते?" दर रविवारी नवीन थाप मारायची. एकदा तर मी माझं प्रमोशन झाल्याचं सांगितलं गं. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. आणि ते आठशे...'

प्रत्येक मॅचला माणशी आठशे रुपये काँट्रिब्यूशन. मैदान, अंपायर, बॉल, वडापाव. ते भरले, की खजिनदार ग्रुपवर यादी टाकतो, नावापुढे हिरवी खूण. ज्याने भरले नाहीत, त्याच्यापुढे लाल फुली. आम्हाला सगळ्यांना ती गंमत वाटायची. त्याच्यापुढे दोन मॅचेसच्या फुल्या होत्या. मी त्या यादीखाली हसणारी स्मायली टाकली होती. फोनवर ते आठवलं आणि कान गरम झाले.

'कॅप्टनला सांगू?'

बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'सांग. पण ग्रुपवर नको.'

कॅप्टनला सांगितलं. मला वाटलं, तो आता काहीतरी भावुक वगैरे बोलणार. तो बँकेत आहे, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, 'त्याला सांग, एकतीस बाय गेल्यात.'

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कॅप्टनचा मेसेज आला. काँट्रिब्यूशनची यादी आजपासून बंद. पैसे ज्याला जमेल तेव्हा आणि जमेल तितके, किट बॅगच्या बाजूच्या कप्प्यात टाकायचे. कोणी किती टाकले, हे कोणी बघायचं नाही. कमी पडले तर सीनियर्स बघतील. कारण काही दिलं नव्हतं. खजिनदाराने 'पण हिशेब?' एवढं विचारलं. त्यावर डेंटिस्टने लिहिलं, 'हिशेब काय, आपण काय लिस्टेड कंपनी आहोत?'

शेवटचा रविवार. साडेआठला टॉस. नऊला दहा कमी, आम्ही सात. अंपायर घड्याळाकडे. कॅप्टन फोनवर कुणालातरी अक्षरशः शिव्या घालतोय. नाइट शिफ्टवाला पॅड्सवर डोकं ठेवून झोपलेला. आणि फॅशन स्ट्रीटच्या बाजूने, खांद्यावर स्वतःचे ग्लोव्हज लटकवून, आमचा आठवा भिडू चालत आला. चालत! मी ओरडले, 'अरे पळ ना!' तर म्हणतो कसा, 'गुडघा दुखतोय.'

कोणी काही विचारलं नाही. कॅप्टनने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त आयटीवाल्याच्या हातातले ग्लोव्हज काढून बॅगेत फेकले.

आठ जणांत फील्डिंग लावताना निम्मं मैदान मोकळं पडतं. पहिल्या दोन ओव्हर्सनंतर समोरच्या टीमच्या कॅप्टनने स्वतःचा एक पोरगा आम्हाला फील्डिंगला दिला. त्या पोराने स्वतःच्याच ओपनरचा कॅच घेतला आणि मग बराच वेळ त्याला कळेना, नाचावं की नाही. अंपायरने बोट वर केल्यावर दोन्ही टीम्स हसत होत्या.

त्यांचे १६८, आमचे १२१. हरलो. सातवी विकेट पडली, की आमचं काम तमाम, कारण पुढे बॅट धरायला माणूसच नव्हता. कीपरने २७ काढले, एक सोपा कॅच सोडला आणि त्यावरून शिव्या खाल्ल्या. सीझनचा हिशेब: सातपैकी दोन जिंकलो, चार हरलो, एक वॉकओव्हर. आठ टीम्समध्ये नंबर सातवा. लीगमध्ये मात्र आहोत.

चहाच्या वेळी तो स्वतःच बोलला. 'ते प्रमोशन वगैरे काही नाही रे. ऑक्टोबरपासून घरी आहे.' दोन सेकंद सगळे गप्प. मग बँकवाला बोलला, 'सीव्ही पाठव.' दुसरा म्हणाला, 'मलाही.' आणि नाइट शिफ्टवाला, ज्याला आम्ही झोपलेला समजत होतो, तो डोळे न उघडता म्हणाला, 'मागच्या वर्षी माझी पण गेली होती. पाच महिने.' तेव्हा आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. त्याच्याही नावापुढे फुली असणार.

त्याला अजून नोकरी लागलेली नाही. दोन इंटरव्ह्यू झालेत, एकाचा दुसरा राउंड आहे. आईबाबांना सांगून झालं. किट बॅगच्या कप्प्यात त्या दिवशी लागत होते त्यापेक्षा साडेतीनशे रुपये जास्त निघाले. बॅग पॅसेजमध्येच उभी आहे.

हे छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखवलं. सगळं ऐकलं आणि म्हणाला, 'ठीक आहे. पण तो भोपळा कशाला लिहिलास? आणि बाय किती गेल्या शेवटच्या मॅचला, ते लिहिलंस का?'

लिहिते बाबा. चार.