पेनिसिलिनचा शोध कोणी लावला?

डिसेंबर उजाडला की शाळांमध्ये गॅदरिंगच्या आगेमागे प्रश्नमंजुषेचा हंगाम सुरू होतो. आमच्याकडे तो भाचरांच्या रूपाने घरात शिरतो. "मामा, विचार ना!" म्हणत जीकेचं पुस्तक हातात कोंबलं जातं आणि आपण मुकाट्याने जगातला सर्वात मोठा महासागर विचारायला लागतो. यंदा तर जवळच्या एका शाळेने आंतरशालेय स्पर्धेसाठी साठ प्रश्नच काढून मागितले. त्या निमित्ताने चार-पाच पुस्तकं नीट चाळली आणि जे मत झालं ते इथे लिहितोय. नातेवाईकांत मास्तर-बाई भरपूर आहेत, तेव्हा जोडे खायची तयारी आहे.

मत साधं आहे. शाळेतल्या जनरल नॉलेजपैकी निम्मं तरी मुलं जिथे राहतात तिथलं असावं. आणि उत्तर एका शब्दाचं असलं तरी प्रश्न त्या शब्दाशी संपू नये.

आता वर शीर्षकात जो प्रश्न आहे तो प्रत्येक पुस्तकात आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग, १९२८. पाचवीतलं पोर झोपेत सांगेल. हे पोर राहतं पिंपरीत. मुंबई-पुणे रस्त्यावरून जाता-येता ते 'एच.ए.' हे नाव रोज ऐकतं. एच.ए. म्हणजे काय हे मी मुद्दाम सात-आठ मुलांना विचारून पाहिलं. "स्टॉप आहे", "ग्राउंड आहे", "तिथे प्रदर्शनं लागतात." बस्स!

एच.ए. म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने भारत सरकारने काढलेला कारखाना. देशातलं पेनिसिलिन पहिल्यांदा कारखान्यात तयार झालं ते इथे, पिंपरीत. फ्लेमिंगला लंडनमधल्या काचेच्या बशीत बुरशी दिसली हे खरं, पण त्याला त्याचं औषध काही करता आलं नाही. ते काम दहा-बारा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं आणि १९४५ चं नोबेल तिघांना मिळून दिलं गेलं. पुस्तकातलं एका नावाचं उत्तर इथेच थोडं लंगडं पडतं.

आणि कारखान्यात ते बनायचं कसं? बुरशी मोठमोठ्या बंद टाक्यांत वाढवायची. तिला साखर घालायची, निर्जंतुक हवा द्यायची, तापमान सांभाळायचं, आणि मग त्या पाण्यातून औषध वेगळं काढायचं. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही हे ज्या मुलाने आईच्या तोंडून ऐकलंय, त्याला हे सगळं पाच मिनिटांत कळतं. कळलं की ते विसरतही नाही.

याच्यापुढची गंमत तर एकाही पुस्तकात मला सापडली नाही. स्ट्रेप्टोमायसिस पिंपरीना नावाचा एक जीवाणू आहे. होय, पिंपरीना, आपल्या पिंपरीवरून! एच.ए.मधल्या शास्त्रज्ञांनी, एम. जे. तिरुमलाचार आणि मंडळींनी, त्याच्यापासून बुरशीच्या रोगांवरचं औषध मिळवलं. त्याचं नाव हॅमायसिन, म्हणजे एच.ए.चं मायसिन. वर्गातल्या मुलांना सांगा की आपल्या गावाचं नाव जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे आणि त्यांचे चेहरे बघा. लिच्टेनस्टाइनची राजधानी सांगून असे चेहरे होत नाहीत.

पुढची कहाणी फारशी सुखाची नाही. बाहेरून, मुख्यतः चीनमधून, स्वस्त माल यायला लागला आणि इथलं पेनिसिलिन त्याच्यापुढे टिकलं नाही. एच.ए. तोट्यात गेली, कामगारांचे पगार थकले. पुढे २०२० मध्ये औषधांचा कच्चा माल देशातच बनावा म्हणून केंद्र सरकारने प्रोत्साहन योजना आणली, तेव्हा त्या यादीत पेनिसिलिन-जी होतं! जे आपण पिंपरीत करत होतो, तेच. हे जनरल नॉलेज नाही तर काय आहे? पण 'कोणी शोधलं' या प्रश्नात हे कुठेच बसत नाही.

दुसरी खोड 'सर्वात'ची. सर्वात उंच, सर्वात लांब, सर्वात श्रीमंत. आपल्याकडे तर घरचंच उदाहरण आहे: "आशियातील सर्वात श्रीमंत महानगरपालिका कोणती? पिंपरी-चिंचवड." लहानपणापासून हे भाषणांत ऐकत आलोय. मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. आणि टोकियो आशियातच आहे ना? श्रीमंत म्हणजे एकूण उत्पन्न, की दरडोई, की बँकेतल्या ठेवी, हे कोणी विचारत नाही.

खरं ज्ञान या प्रश्नाच्या पोटात आहे. पैसा यायचा कुठून? जकातीतून. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं, भोसरी-चिंचवड पट्ट्यात कारखाने उभे राहिले, १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. कारखान्यात येणारं पोलाद, सुटे भाग, रसायनं, जे काही हद्दीत शिरेल त्यावर नाक्यावर जकात. २०१३ मध्ये इथली जकात गेली आणि एलबीटी आला, मग २०१७ मध्ये जीएसटी. जकातनाक्यापाशी ट्रकच्या रांगा का लागायच्या आणि आता का लागत नाहीत, याचं उत्तर ज्या मुलाला देता आलं त्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. (ट्रकच्या रांगा चाकण चौकात अजून लागतात, पण त्याचं कारण वेगळं. तो विषय काढला तर हा लेख संपायचा नाही.)

पुस्तकं शिळी असतात हे तर जगजाहीर आहे. एकात महाराष्ट्राचे जिल्हे ३५ होते. २०१४ मध्ये पालघर झाल्यापासून ३६ आहेत. एकात भारताची राज्यं २९. ती २०१४ ते २०१९ एवढीच २९ होती, आता २८. पाठ केलेली संख्या बदलते. ती का बदलली हे माहीत असेल तर मूल स्वतःच दुरुस्त करून घेतं.

ज्या शिक्षिका माझे प्रश्न तपासत होत्या त्यांचं म्हणणं मात्र रास्त होतं. "सर, उत्तर एकच लागतं. नाहीतर पालक स्टेजवर येतात." खरंय. बझर वाजल्यावर निबंध ऐकत बसता येत नाही. पण यावर तोड निघते. उदाहरणार्थ, रँडला कोणी मारलं? चाफेकर बंधूंनी. चिंचवडच्या मुलांना हे सांगावं लागत नाही, चाफेकर चौक रोजचा आहे. मी दोन पायऱ्या केल्या. पहिली: २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडबरोबर आणखी कोणता अधिकारी मारला गेला? आयर्स्ट. उत्तर एका शब्दाचं, भांडण नाही. दुसरी, जादा गुणांची: साथ आवरायला नेमलेल्या अधिकाऱ्यावर पुण्यातले लोक एवढे का चिडले होते? प्लेग, घरात घुसून झडत्या, माणसांना आणि सामानाला बाहेर काढणं. २०२० मध्ये आपली सोसायटी सील झालेली ज्यांनी पाहिली, ती मुलं यावर फार छान बोलतात.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. पुस्तकी जीकेमध्ये पुढे असतात ती ज्यांच्या घरी पुस्तकं आणि वेळ असलेली माणसं आहेत, ती मुलं. भोसरी-मोशी-चाकणकडच्या शाळांत लातूर, बीड, नांदेडहून आलेल्या कामगारांची मुलं भरपूर असतात. वडील तीन पाळ्यांत, आई पॅकिंगला. अशा एका मुलीने मला चारशे टनी प्रेस म्हणजे काय ते समजावून दिलं. मशीनचं वजन चारशे टन नसतं, ती तेवढ्या जोराने दाबते! बारा वर्षांची पोर. स्पर्धेच्या चाचणीत तिला वीसपैकी सहा गुण होते, कारण तिला चलनं आणि राजधान्या येत नव्हत्या.

साठपैकी सव्वीस प्रश्न मी इथले घातले. बाईंनी चार काढले. चेतकचा ठेवला: राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव १९७२ पासून आकुर्डीच्या कोणत्या वाहनाला मिळालं? आजोबा लोक प्रेक्षकांतून ओरडून सांगणार, ते गृहीत धरलंय. चाकणच्या संग्रामदुर्गाबद्दल मात्र वाद झाला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध तो किती दिवस लढवला, असा मूळ प्रश्न होता. कुठे ५५ छापलेत, कुठे ५६. तेव्हा तो काढून दुसरा टाकला: डोंगर नाही, कडा नाही, सपाट जमिनीवरचा किल्ला, मग एवढ्या मोठ्या मुघल फौजेला तो घ्यायला जवळजवळ दोन महिने का लागले, आणि शेवटी तो कशाने पडला? खंदक, तटबंदी, आणि बुरुजाखाली सुरुंग. बाई म्हणाल्या, "याला बझर नको, दोन मिनिटं देऊ."