धाकटे काश्मीर कशाला?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आम्हा मास्तरमंडळींत हवापालटाच्या गप्पांना ऊत येतो. सिमला की उटी? पैसे बेताचे असतील तर आपले महाबळेश्वर. तेही परवडत नसेल तर कोणीतरी तापोळ्याचे नाव काढतो आणि समजूत घातल्यासारखा पुढे म्हणतो, "अहो, मिनी काश्मीरच ते!"

या दोन शब्दांवर माझा राग आहे. तापोळ्याला आपण ज्या पाण्यावर नावेतून मिरवतो तो शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. १९६० च्या दशकात तो भरला आणि जावळी-पाटणच्या दऱ्यांतली गावे, भातखाचरे, देवळे पाण्याखाली गेली. माणसे उठली ती कोणी सोलापूरकडे, कोणी ठाण्याकडे. त्या पाण्यावर महाराष्ट्राच्या घराघरांत दिवे लागले, हे मी विसरत नाही. परंतु ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या कित्येकांना अर्धशतक उलटल्यावरही हक्काच्या जमिनीसाठी आंदोलनाला बसावे लागले. आणि आपण त्या पाण्याला दूरच्या कुठल्याशा मुलखाची धाकटी नक्कल ठरवून मोकळे! खाली कोणते गाव आहे, हे नावाड्याला विचारावे असे किती जणांना सुचते?

नावे पुसण्याची ही खोड जुनीच. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा गाव देऊन इंग्रजांनी १८२९ मध्ये महाबळेश्वर घेतले. तिथल्या नाके खिंडीला गव्हर्नर माल्कमच्या लेकीचे, केटचे, नाव चिकटले. साहेब जाऊन पाऊणशे वर्षे होऊन गेली; आम्ही अजून पोरांना 'केट्स पॉइंट' दाखवतो, माकडांना चणे टाकतो आणि परततो. खाली दिसते ते खोरे कृष्णेचे, आणि हीच बाई पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जाते, एवढे सांगायला मात्र कोणाला सवड नसते.

कासच्या सड्याचेही तेच. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा कुठे आम्हाला त्याची फुले दिसली! आता जांभ्यावरच्या चार बोटे मातीत उगवलेली ती फुले तुडवून फोटो काढणारे इतके झाले की आवरायला माणसे नेमावी लागली.

प्रवाशांवर तिथल्या लोकांचे पोट चालते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. म्हणून जाऊ नका असे मी म्हणतच नाही. जा, पण डोंगराकडे त्याच्या नावाने जा.

मला विचाराल तर मी सागरेश्वर सांगेन. धों. म. मोहिते यांनी तिथल्या बोडक्या डोंगरावर माणसे जमवून झाडे लावली, हरणे आणली. १९८५ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. पायथ्याशी जुनी शिवालये आहेत, वरून कृष्णाकाठचा ऊस दिसतो. थंड हवा मात्र नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एप्रिलात गेलात तर मला शिव्या द्याल. दिवाळी झाली की लगेच निघा.