घर पाहावे पाडून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे म्हणतात. मी बँकेत कारकून असल्यामुळे दोन्ही कर्ज काढून करून पाहिले, आणि दोन्हीचे हप्ते अजून चालू आहेत. पण घर पाडून पाहावे, तेही दुसऱ्याचे, आणि त्यातून स्वतःच्या पदरात एक छदामही पडू नये, ही हौस कुणाला असते हे बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला कुणी शिकवले नव्हते. आमच्या शास्त्रात कुणाचा तोटा झाला की तो कुणाच्या तरी खात्यावर जमा झालेला सापडतो. इथे नावे आहे, पण जमाच नाही! हा ताळेबंद जुळवायचा कसा?

आमचे मूळ घर धुळ्याजवळ, पांझरेकाठी. धाब्याचे घर, पुढे ओटा, मागे खळे, मध्ये कडुनिंब. वडील गेल्यावर भाऊबंदांत ते विकले गेले आणि घेणाऱ्याने पाडून तिथे सिमेंटचे गाळे काढले. त्याचा मला राग नाही. त्याने पैसे मोजले होते.

पुढे 2020 साली लॉकडाऊन लागला. माझा मुलगा जळगावात, भावाची दोन पोरे धुळ्याला. एस.टी.ने दोन तासांचे अंतर, पण त्या दिवसांत धुळे मला लंडनइतके लांब वाटे. पोरांनी यावर माइनक्राफ्ट नावाचा तोडगा काढला. 2011 साली पुरा होऊन बाजारात आलेला हा स्वीडनचा खेळ. त्यात दगड चौकोनी, गाय चौकोनी, फार काय, सूर्यसुद्धा चौकोनी. जिंकण्याहरण्यापेक्षा ठोकळ्यावर ठोकळा ठेवून बांधण्यातच पोरांचा जीव रमतो. थोडक्यात, सरकारी बांधकाम खात्यासारखे, फक्त बांधकाम पुरे होते एवढाच फरक.

पोरांनी बांधायला घेतले ते आमचे पांझरेकाठचे घर. मोठ्या पुतण्याने जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर मांडला आणि आई फोनवरून मुकादम झाली. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, पण ठोकळा एक इकडचा तिकडे चालायचा नाही. "अरे, चूल उगवतीले व्हती! कणगी तठे नही!" खेळात कडुनिंब मिळत नाही म्हणून पोरांनी ओक लावला. त्यावर आईने चार दिवस अबोला धरला होता. शाळा सुरू झाल्यावरही दर रविवारी काम चाले. भावाभावांत त्या घरावरून जे फाटले होते, ते या पोरांनी न कळत शिवत आणले होते. हे मी कुणाला बोललो नाही. आपल्याकडे असले बोलत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री कुणीतरी आत शिरला. धाब्यावर बादलीने लाव्हा ओतला, खळ्यात सुरुंग लावले. सकाळी उरले होते दोन भिंती आणि ओट्याच्या जागी एक पाटी. पाटीवर एकच शब्द होता : 'रडा'.

आई नेहमीप्रमाणे म्हणाली, "दाखव रे घर." मुलाने सांगितले, सर्व्हर डाऊन आहे. तीन दिवस तो हेच सांगत होता. हे वाक्य तो माझ्याकडूनच शिकला असणार.

अशा माणसाला इंग्रजीत 'ग्रीफर' म्हणतात. ग्रीफ म्हणजे दुःख, ते वाटत फिरणारा तो ग्रीफर. आपल्याकडे विघ्नसंतोषी हा शब्द तयार आहे. भर्तृहरीने तर नीतिशतकात माणसांची वर्गवारीच केली. स्वतःचे सोडून दुसऱ्याचे भले करणारे, स्वतःचे सांभाळून करणारे, आणि स्वार्थासाठी दुसऱ्याचे वाटोळे करणारे, ज्यांना त्याने सरळ राक्षस म्हटले. पण उगाचच, काही मिळत नसताना दुसऱ्याचे बिघडवणारे आले तेव्हा त्याने हात टेकले. यांना काय म्हणावे मला कळत नाही, असे लिहून मोकळा झाला. राक्षसाच्या खालच्या ग्रेडला नाव नव्हते. पदच मंजूर नाही, आणि माणसे मात्र कामावर हजर!

आता माझे खरे भांडण त्या पोराशी नाहीच. माझे भांडण आहे, "जाऊ दे ना भो, खेळच तर आहे," म्हणणाऱ्यांशी. आमच्या शाखेत असे सल्लागार टेबलागणिक एक आहेत. एक म्हणाले, दुर्लक्ष करा, आपोआप थांबतो. वा! आमच्या काउंटरवरचे पेन आम्ही सुतळीने बांधतो ते काय दुर्लक्ष करून टिकले असते म्हणून? शंभरातले नव्व्याण्णव लोक पेन परत ठेवतात. सुतळी त्या एकासाठी असते.

आणि दुर्लक्षाचा इतिहास काही फार चांगला नाही. 1993 साली अमेरिकेत लॅम्डामू नावाची नुसत्या अक्षरांची एक दुनिया होती. चित्र नाही, आवाज नाही. तिथे मिस्टर बंगल नाव घेतलेल्या एकाने दुसऱ्यांच्या पात्रांकडून जबरदस्तीने घाणेरडी कृत्ये घडत असल्याचे लिहून दाखवले. अक्षरेच होती ती, पण ज्यांच्या नावाने लिहिली त्यांची खरी झोप उडाली. रहिवाशांची सभा भरली, आपल्या सोसायटीच्या सभेसारखीच निर्णयाविना संपली. शेवटी एका व्यवस्थापकाने आपल्या अधिकारात त्याचे खाते पुसले, आणि त्यानंतर तिथे मतदानाची रीत आली. 2006 च्या नोव्हेंबरात सेकंड लाइफ या दुनियेत कुणी आपोआप वाढत जाणारी सोनेरी कडी सोडली. इतकी वाढली की चालकांना नवी ये-जा काही काळ बंद करावी लागली. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याची कडी अशी वाढली असती तर कुणी तक्रार केली नसती, हे मान्य. आणि 2020 साली आपल्याच पोरांच्या झूमवरच्या तासांना भलतेच लोक घुसून अचकट-विचकट बोलत, तेव्हा कुठे कंपनीने पासवर्ड आणि बाहेरची बैठक मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. आपल्या गृहखात्यानेही त्या एप्रिलात सूचनापत्र काढले. म्हणजे जिथे जिथे काही सुधारले तिथे कुणीतरी सुतळी बांधली म्हणून सुधारले.

तर पुतण्याने सर्व्हरची नोंद काढली. कोण किती वाजता आत आला, सारे लिहिलेले. मुलगा शेजारच्या कॉलनीतला, मित्राचा मित्र. माझा मुलगा म्हणाला, "पप्पा, त्याचापण एक वाडा आहे. जाळून येऊ?" खोटे कशाला सांगू, क्षणभर मला तो प्रस्ताव मंजुरीयोग्य वाटला. पण मग दोन घरे पडतील आणि ताळेबंद तरीही जुळणार नाही. त्यापेक्षा मी संध्याकाळी त्याच्या वडिलांकडे गेलो.

गृहस्थांनी चहा दिला. म्हणाले, "पोरं आहेत हो. आणि तुमच्याच पोरांनी आत घेतलं ना त्याला? खरं घर थोडंच पडलंय? कॉम्प्युटरमधलं तर होतं."

मी विचारले, "तुमची मुदत ठेव आहे आमच्या शाखेत?"

"आहे की."

"ती कुठे आहे असं वाटतं तुम्हाला? तिजोरीत तुमच्या नावाच्या थैलीत? तीही कॉम्प्युटरमधलीच आहे. आकडे आहेत नुसते. उद्या कुणी गंमत म्हणून पुसले आणि तिथे 'रडा' लिहिलं, तर येताना काय म्हणाल? खेळच तर आहे?"

गृहस्थांनी कप खाली ठेवला. "तुम्ही धमकी देताय का?" मी म्हटले, नाही हो, मी साधा कारकून, माझ्या एका सहीने पाच रुपयेही हलत नाहीत, मी टाकलेले दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तीच तर व्यवस्था आहे. माझ्यावर कुणी दुर्लक्ष करत नाही, म्हणून तुमचे पैसे आहेत.

त्यांनी मुलाला हाक मारली. मुलगा आला. चौदा वर्षांचा, चष्मा, राक्षस वगैरे अजिबात नाही. का केलेस विचारले तर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मला कुणी बांधायला घेतलं नाही." हे कारण मला पटले नाही आणि अजूनही पटत नाही. मलाही कुणी घेतले नव्हते. मी काय गाळे पेटवत फिरलो? पण पाटी त्याच्या हातून त्याच रात्री निघाली, आणि पुढचे तीन रविवार तो खळ्याची भुई सारखी करत होता, पुतण्याच्या देखरेखीखाली.

नशीब एवढेच, की पुतण्याने तीन आठवड्यांपूर्वीची नक्कल पेनड्राइव्हवर ठेवली होती. गोठा आणि झाड तेवढे नव्याने करावे लागले. आईला शेवटी सांगितले. ती रडली नाही. "दाराले कडी व्हती का?" एवढेच विचारले.

आता कडी आहे. यादीत नाव असल्याशिवाय आत प्रवेश नाही, कुणी कुठला ठोकळा कधी काढला याची नोंद होते आणि दर रविवारी रात्री नक्कल निघते. यादीत पहिले नाव आईचे, तिला माउस धरता येत नसताना. त्या चष्मेवाल्याचेही आहे, खालून दुसरे. माझे नाही. मुलगा म्हणतो, आत येऊन बांधणार काय ते आधी लिहून द्या, आणि दोन जुन्या सभासदांची शिफारस आणा. मी ओट्यावर बसणार, असे लिहून दिले आहे. अर्ज आईकडे पडून आहे.