सीडी भरली, पण उघडून कोणी पाहिली?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या केंद्रात एक बाई आल्या. २००६ साली त्यांचा नवरा आणि थोरला दीर यांनी आमच्यासमोर बसून लिहून दिलं होतं, की राहती खोली हिच्याकडेच राहील. आता नवरा वारला. दीर म्हणतात, ही नांदतच नव्हती, हिचा काय संबंध? बाईंची स्वतःची प्रत घर बदलताना हरवली. त्या अगदी निर्धास्त होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे असेलच." आम्हीही तितक्याच निर्धास्तपणे म्हणालो, "असणारच. सगळं सीडीवर आहे."

लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात ४२ सीडी. २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या केंद्रातही पाणी शिरलं होतं. त्या धड्यानंतर आम्ही जबान्या, तडजोडीचे कागद, शिबिरांचे फोटो, पथनाट्यांच्या संहिता असं सगळं स्कॅन करून सीडीवर भरून घेतलं होतं. आणि जागा अपुरी म्हणून मूळ कागदांपैकी बरेच फाडून टाकले होते.

आमच्या लॅपटॉपला सीडीचा खणच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह विकत आणला आणि एकेक सीडी घालून पाहिली. ४२ पैकी १७ उघडल्याच नाहीत. ९ उघडल्या, पण फाइलींवर क्लिक केलं की मशीन घरघरायचं आणि थांबायचं. ३ चक्क कोऱ्या होत्या, म्हणजे त्या कधी भरल्याच गेल्या नव्हत्या. उरलेल्या १३ नीट होत्या. त्या बाईंचा कागद या १३ मध्ये नव्हता.

त्यांना काय सांगायचं, यावर आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो होतो. शेवटी जे खरं होतं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "असू दे," म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

हे लिहिते आहे ते पश्चात्ताप मांडायला नाही. अनेक गटांच्या कपाटांत असे डबे आहेत. त्याबद्दल काही ठरवायला हवं, आणि ते लवकर ठरवायला हवं.

आधी आमचं काय चुकलं ते सांगते. सीडी बिघडल्या हे खरं. पण त्याआधीची चूक अशी, की त्या भरल्यावर कोणीही उघडून पाहिल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फोल्डर द्यायचं, "सीडी राईट करून दे" म्हणायचं, संध्याकाळी पिशवीत घालून आणायची, वर चिकटपट्टीचं लेबल लावायचं आणि डब्यात टाकायची. काम झालं असं आम्ही धरून चाललो. कॉम्प्युटर म्हणजे मुलग्यांचं काम, ही समजूत आम्ही शिबिरांत खोडून काढत होतो आणि केंद्रात पाळत होतो. दुसरं, आमच्याकडे मन मोकळं करणाऱ्या बाईची जबानी आम्ही एका परक्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवून आलो होतो. ती तिथून पुसली गेली का, हेही आम्ही कधी विचारलं नाही. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची ओळख प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या २२८-अ खाली होता. कायदा प्रसिद्ध करण्याबद्दल बोलतो. आपली जबाबदारी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: प्रत काढण्याचं काम आपल्या हातात घ्या, आणि दुसऱ्या एका बाईने दुसऱ्या मशीनवर ती उघडून वाचल्याशिवाय प्रत झाली असं म्हणू नका.

हे वाटतं तितकं अवघड नाही. सीडी किंवा डीव्हीडी भरण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे फोल्डर उचलून थेट डिस्कवर टाकायचं. दुसरा म्हणजे आधी त्या फोल्डरची 'इमेज' करायची आणि मग ती डिस्कवर लिहायची. फोल्डर टाकणं म्हणजे भांडी एकेक करून नव्या घरी नेण्यासारखं आहे. इमेज म्हणजे भांडी मांडणीसकट उचलणं. जी डिस्क तयार व्हायची ती जशीच्या तशी आधी कॉम्प्युटरवर एकाच फाइलीच्या रूपात बनते. तिच्या नावाच्या शेवटी 'आयएसओ' असतं. १९८८ साली ठरलेल्या आयएसओ ९६६० या मानकावरून हे नाव पडलं.

फायदा काय? आज एक डिस्क लिहिली आणि सहा महिन्यांनी दुसरी लिहिली, तरी दोन्हींत तेच असेल, कारण दोन्ही एकाच इमेजवरून निघाल्या. शिवाय लिहिण्याआधीच इमेज उघडून तपासता येते. विंडोज ८ पासून तिच्यावर दोनदा क्लिक केलं की डिस्क घातल्यासारखी ती उघडते. आत काय राहिलं, काय चुकलं ते तिथेच कळतं. आणि इमेजचा 'हॅश' काढून ठेवता येतो. हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा समजा. शा-२५६ पद्धतीने काढला तर तो ६४ अक्षरांचा येतो. फाइलीत एक काना जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो. हा ठसा वहीत शाईने लिहून ठेवा. दहा वर्षांनी पुन्हा काढून जुळवा.

फोल्डरची इमेज करायला विंडोजमध्ये स्वतःची सोय नाही, पण 'इमगबर्न' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. लिनक्सवर 'ब्राझेरो' आणि 'के-थ्री-बी' आहेत, मॅकवर 'डिस्क युटिलिटी' आहे. तयार इमेज डिस्कवर लिहायची सोय मात्र विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, आतच आहे. इमेजवर उजवी कळ दाबली की तसा पर्याय दिसतो. तोच निवडा. इमेजची फाइल उचलून साध्या फाइलीसारखी डिस्कवर टाकली, तर डिस्कवर ती एक बंद फाइल तेवढी जाते, आतले कागद वेगवेगळे दिसत नाहीत. पहिल्यांदा आम्ही हेच केलं आणि खूप हसलो. लिहिताना वेग कमी ठेवा, 'व्हेरिफाय'च्या चौकटीत खूण करा, आणि शेवटी डिस्क बंद करा, म्हणजे तिच्यात पुढे भर पडणार नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगते. आमच्या वाचलेल्या १३ सीडींपैकी ४ मध्ये फाइली उघडल्या, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसला. तो मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता, आणि तो फॉन्ट आमच्या मशीनवर नव्हता. म्हणजे शब्द शाबूत होते आणि वाचता येत नव्हते. तेव्हा जुना मजकूर असेल तर तो वापरलेला फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि प्रत्येक कागदाची पीडीएफ करून सोबत घाला. दुसरं म्हणजे फाइलींची नावं. आयएसओ ९६६० च्या मूळ नियमात आठ इंग्रजी अक्षरं आणि पुढे तीन, एवढंच नाव चालतं. 'जोलिएट' ही वाढीव सोय घेतली तर देवनागरी नावं चालतात, पण ६४ अक्षरांपर्यंतच, आणि त्यात प्रत्येक काना-मात्रा वेगळा मोजला जातो. त्याहून लांब नावं शेपूट तुटून येतात. नाव आटोपशीर ठेवा आणि तारीख आधी लिहा.

ज्यांच्याकडे जुन्या सीडी आहेत, त्यांनी आज पहिलं काम त्यांच्या इमेज काढून घेण्याचं करावं. सीडीत मजकूर साठतो तो रंगद्रव्याच्या पातळ थरात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो उतरतो. त्यावरचा चकचकीत थर छापील बाजूला असतो आणि त्याला राखायला लाखेचा एक पातळ पापुद्रा तेवढा असतो. म्हणजे आपण जी बाजू जपतो त्यापेक्षा वरची बाजू नाजूक आहे, आणि आम्ही नेमकी तिथे लेबलं चिकटवली होती. डीव्हीडीत हा थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांमध्ये असतो, त्यामुळे ती वरून इतकी नाजूक नसते. उघडत नसलेल्या सीडीसाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडलेला भाग पुन्हा पुन्हा प्रयत्न करून वाचतो, आणि काय मिळालं, काय राहिलं याचा नकाशा ठेवतो. तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून राहिलेली भोकं बुजवता येतात. आमच्या ९ अर्धवट सीडींपैकी ६ अशा पूर्ण मिळाल्या. १७ मधून मात्र दोनच हाती लागल्या. बाईंचा कागद त्यांतही नव्हता.

आता कोणी म्हणेल, या जमान्यात सीडी-डीव्हीडी कोण वापरतं? सगळं इंटरनेटवर ठेवा की. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. डिस्क मागे पडत चालल्या आहेत हे खरंच आहे. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. पण इंटरनेटवरची जागा कुणाच्या नावावर असते? एखाद्या कार्यकर्तीच्या ईमेलवर आणि तिच्या मोबाइल नंबरवर. ती गाव सोडते, नंबर बदलतो, वर्षाचे पैसे भरायचे राहतात, आणि कुलूप तसंच राहून किल्ली जाते. हार्ड डिस्क हातून पडते. व्हायरस शिरला तर जोडलेलं सगळं एकदम जातं. बंद केलेल्या डीव्हीडीवर मात्र कोणाला काही खोडता येत नाही, चुकूनही नाही आणि मुद्दामही नाही. आपल्यासारख्या गटांना, ज्यांच्या कागदांत कोणाचं तरी घर आणि कोणाची तरी पोटगी अडकलेली असते, त्यांना हा गुण लहान नाही.

म्हणून एकाच साधनावर विसंबू नका. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण आपण पाहिलं आहे. एकाच इमारतीतल्या तीन प्रती पुराला एकच असतात. डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं. स्कॅन केलेलं पान साधारण एक एमबीचं धरलं तर चार हजारांवर पानं झाली. लहान गटाची कित्येक वर्षं त्यात बसतात. जबान्यांचं फोल्डर वेगळं करा, त्याला पासवर्ड घाला, आणि तो पासवर्ड दोघींना ठाऊक असू द्या, एकीलाच नको.

कोर्टाचाही विचार करायला हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात हॅश लिहायला जागा आहे. आधीच्या कायद्यात हीच अट ६५-ब मध्ये होती. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात वाद अशाच व्हिडिओ सीडींवर होता, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तेव्हा मूळ कागद, मूळ फोन फेकू नका. आमच्यासारखे कागद तर मुळीच फाडू नका. डिस्क ही त्यांची सोबतीण आहे, त्यांच्या जागी आलेली नाही.

बायकांचं लिहिलेलं सहज हरवतं, हे आपल्याला नवं नाही. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापलं गेलं आणि विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा आपल्या हाती आलं. मधल्या ९३ वर्षांतल्या बायकांना ते वाचायला मिळालं नाही. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना बायकांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन गोळा करावा लागला, तेव्हा १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' तयार झालं. आपलं जपून ठेवायला दुसरं कोणी बसलेलं नाही.

मोर्चाला जायला सगळ्या तयार असतात. कपाट लावायला, प्रती काढायला, वहीत ठसा उतरवायला कोणी नसतं. घरात धुण्याभांड्याचं जे होतं तेच संघटनेत या कामाचं होतं: केलं तर दिसत नाही, राहिलं की दिसतं. आम्ही आता ते पाळीने वाटून घेतलं आहे. दर वर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, दोघी बसतात. एक इमेज करून डिस्क लिहिते, दुसरी ती आपल्या घरच्या मशीनवर उघडून तीन कागद मोठ्याने वाचते, मगच वहीत सही होते. यंदा वाचणारी अठरा वर्षांची होती. तिने उघडलेला पहिला कागद तिच्या जन्माआधीचा होता.

दिरांनी त्या बाईंवर दावा लावला आहे. २००६ च्या त्या बैठकीला हजर असलेल्या आम्ही दोघी साक्ष द्यायला जाणार आहोत. आमची आठवण कागदाइतकी भरवशाची नाही, हे समोरचा वकील दाखवून देईलच. तुमच्या कपाटातला डबा त्याआधी उघडा.