यादीच्या शेपटातले तीन आकडे

"डॉक्टर, दोन उन्हाळे नेमाने लावलं, पण वांग काही हटेना." पेशंट पिशवीतून ट्यूब काढतात. पुढे ठसठशीत एसपीएफ ५०, शेजारी पीएचे चार अधिक. मागे मुंगीएवढ्या अक्षरांतली यादी, मोबाइलचा टॉर्च लावून वाचावी अशी. मीही बरीच वर्षं पुढचा आकडा पाहूनच ट्यूब परत देत असे.

एसपीएफ त्वचा लाल होण्यावरून ठरतो, म्हणजे मुख्यतः यूव्हीबीवरून. पीए यूव्हीएचं. ४०० नॅनोमीटरच्या पुढच्या दृश्य प्रकाशाबद्दल दोघंही गप्प, आणि आपल्या पेशंटांचं वांग गडद करण्यात नेमका त्याचाच हात. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या प्रकाशाने चौथ्या ते सहाव्या प्रकारची त्वचा काळवंडली. दुसऱ्या प्रकारच्या गोऱ्या त्वचेवर तसं काही झालं नाही.

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हल्ली इतके बारीक दळलेले असतात की चेहरा पांढराफटक दिसत नाही. दिसत नाही, कारण दृश्य प्रकाश त्यातून बराचसा पार होतो! तो अडवायला लोह ऑक्साइड लागतं: सीआय ७७४९१ तांबडं, ७७४९२ पिवळं, ७७४९९ काळं. लेबलवर मात्र ही नुसती रंगद्रव्यं, बहुधा यादीच्या शेपटात आणि टक्केवारीविना. जागेवरून प्रमाण ताडता येत नाही. एमआर आला की आधी हे प्रमाणच विचारावं. पेन आणि डायरी नंतर.

'शंभर टक्के मिनरल' लिहिलेल्या ट्यूबवर ब्युटिलऑक्टिल सॅलिसिलेटही शोधा. ऑक्टिसॅलेटचा हा चुलतभाऊ. यूव्हीबी शोषतो, पण फिल्टर म्हणून नाव लावत नाही. मला त्यात धोका नाही, लबाडी दिसते: एसपीएफचा काही भाग त्याचा, श्रेय झिंकला.

एवढं पाहूनही शेड चुकली तर सगळं फुकट. एसपीएफ मोजतात दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन. न शोभणारा रंग इतका जाड कोण लावेल? म्हणून मी आता खिडकीपाशी नेऊन जबड्याच्या कडेला लावून बघतो. परवा द्राक्षबागेत काम करणारी एक बाई आली होती. तीन शेडपैकी सर्वांत गडद लावली, तीही गालावर भाकरीच्या पिठासारखी उठून दिसली. पदराने पुसत ती "बरं, लावते" म्हणाली. महिन्याने आली तेव्हा ट्यूबचं सील तसंच होतं.