पालवणकर बाळू आपले नव्हते काय?

जळगावच्या एका जयंती मंडळाच्या बैठकीत मी मिरवणुकीत पालवणकर बाळूंची प्रतिमा ठेवण्याची सूचना मांडली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते लगेच म्हणाले, "वकीलसाहेब, हा माणूस बाबासाहेबांच्या विरोधात उभा होता, विसरलात काय?"

विसरलो नाही. १९३२ मध्ये बाळू राजा-मुंजे कराराच्या बाजूला गेले. १९३७ मध्ये काँग्रेसतर्फे मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध लढले आणि पडले. या राजकारणाचे समर्थन मी करणार नाही. पण त्यापायी माणसाची सारी हयात जप्त करायची, हा कुठला न्याय?

१८७६ साली चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर मैदान राखत. कॅप्टन ग्रेगला सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी टाकत. त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. पुढे गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाला त्यांचा डावखुरा हात हवासा झाला. त्यांनी टाकलेला चेंडू झेलताना कोणी बाटले नाही. चहाच्या सुट्टीत मात्र बाळूंना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात!

आपल्या खान्देशाला हे नवे नाही. १९२९ साली चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी टांगा भाड्याने दिला, पण बाबासाहेबांना बसवून हाकायला नकार दिला. वस्तीतल्या नवख्या माणसाने लगाम धरला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. भाडे चालते, माणूस चालत नाही.

१९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत गोऱ्यांना १०९ धावांनी हरवले, ते बाळूंच्या गोलंदाजीच्या बळावर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी कर्णधारपद? ते सवर्णांकडेच! १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला जाहीर नकार दिला. हा बहिष्कार महाडच्या सत्याग्रहाआधी सात वर्षांचा आहे, याकडे आपल्या इतिहासकारांचे लक्ष का जात नाही? अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

आता पुराव्याची गोष्ट. इंग्लंडहून परतलेल्या बाळूंचा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र लिहिले होते तरुण भीमराव आंबेडकरांनी.

मंडळाची पुढची बैठक रविवारी आहे. हे मानपत्राचे प्रकरण मी तिथे मांडणार आहे.